नसलेल्या झाकणाचं सॅम्पल

“सॅम्पल आणलंय?”

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही लेथवाल्याच्या, म्हणजे धातू कातून सुटे भाग बनवणाऱ्याच्या, गाळ्यात शिरलात की पहिला प्रश्न हाच. मी ड्रॉइंग पुढे केलं. कोऱ्या ए-फोर कागदावर, तीन बाजूंनी काढलेलं, सगळी मापं टाकलेलं. लेथवाल्या मामांनी हात पुसून ते घेतलं, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरलं आणि मग लेथच्या हेडस्टॉकवर ठेवून त्यावर चहाचा ग्लास ठेवला.

“ड्रॉइंग ठीक आहे साहेब. पण पार्ट कुठंय? जुना, तुटका, कसला पण चालेल.”

पार्टच नव्हता. तीच तर अडचण होती.

इंजिन मॉडेल विमानाचं. साडेसहा सीसी, म्हणजे या छंदातल्या लोकांच्या भाषेत ‘चाळीस’, कारण ते ०.४० घनइंच भरतं. दोन स्ट्रोकचं, ग्लो प्लगवालं (तापलेल्या तारेने इंधन पेटवणारं), मुठीत मावेल एवढं. मूळ मालक माझा एनसीसीच्या एअर विंगमधला मित्र. तेव्हा आम्ही कंट्रोल लाइनची विमानं उडवायचो. दोन बारीक तारा, हातात मूठ, विमान आपल्याभोवती गोल फिरतंय आणि त्याच्याबरोबर आपणही गरगरतोय. ती इंजिनं अडीच सीसीची डिझेल असायची, इंधन इथर, रॉकेल आणि एरंडेल. तो वास शर्टात बसला की आई शर्ट वेगळा भिजवायची. चाळीसचं इंजिन आमच्यासाठी तेव्हा श्रीमंतांची गोष्ट होती. मित्राने ते पुढे नोकरी लागल्यावर कुणाकडून तरी घेतलं आणि माळ्यावर टाकलं. यंदा कोपरीतली त्याची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, माळा रिकामा झाला आणि बुटांचा खोका माझ्याकडे आला. आत हे इंजिन, वाळलेल्या एरंडेलाने काकवीच्या रंगाचं झालेलं. फिरत होतं, कॉम्प्रेशनही होतं. मागचं झाकण मात्र गायब.

हे झाकण, म्हणजे बॅकप्लेट, दिसायला क्षुल्लक. चार स्क्रूंनी बसणारा एक चौकोनी तुकडा आणि त्याच्या आतल्या अंगाला क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीच्या, गोल तोंडात शिरणारा उंचवटा. पुस्तकात त्याला स्पिगॉट म्हणतात, मामा ‘कॉलर’ म्हणतात, म्हणून मीही कॉलरच म्हणतो. पण दोन स्ट्रोकच्या इंजिनात इंधनाचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, पिस्टन खाली येताना तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. मागून हवा गळली तर हा दाबच तयार होत नाही. शिवाय पिस्टनला शाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड शाफ्टच्या क्रँकपिनवर नुसता ओवलेला असतो. त्याला मागे निसटू न देणारं दुसरं काही नाही, ही कॉलरच.

कंपनी केव्हाच बंद झालेली, सुटा भाग मिळण्याचा प्रश्नच नाही. माझा भाचा मला म्हणाला, “मामा, नवीन घे ना. नाहीतर इलेक्ट्रिक मोटर बसव, आवाज नाही, तेल नाही.” त्याचं चुकत नव्हतं. आताच्या मॉडेलवाल्यांतले बहुतेक तेच करतात. पण त्या खोक्यावर मित्राच्या वडिलांच्या अक्षरात ‘इंजिन – टाकू नये’ असं लिहिलेलं होतं.

तर मामांना सॅम्पल हवं होतं. म्हणजे मला नसलेल्या झाकणाचं सॅम्पल त्याच्या जागेवरून तयार करायचं होतं. दात पडल्यावर हिरडीवरून दाताचं माप घेतात, तसं काहीसं.

मोबाइलवर फोटो काढून त्यावरून मापं काढायचा प्रयत्न एका संध्याकाळीच सोडला. कॅमेरा जवळ नेला की कडा फुगतात, लांब नेला की भोकं दिसत नाहीत. मग घरचा स्कॅनर. इंजिन मागच्या तोंडावर उभं करून काचेवर ठेवलं, शेजारी स्टीलची पट्टी ठेवली आणि ६०० डीपीआयला स्कॅन केलं. ६०० डीपीआय म्हणजे इंचाला ६०० ठिपके, एक ठिपका साधारण ०.०४ मिलिमीटरचा. कागदावर हा आकडा भारी वाटतो. घरगुती प्रिंटर-स्कॅनरमध्ये काचेला टेकलेली गोष्ट तेवढी स्पष्ट येते, वरची धूसर होते. माझ्यासाठी ते बरंच झालं, कारण मला फक्त तोंडाची बाह्यरेषा हवी होती आणि इंजिनाचे माउंटिंगचे कान, गार व्हायच्या फिन्स वगैरे आपोआप पुसट झाले. इंजिन नव्वद अंशात फिरवून पुन्हा स्कॅन केलं. दोन्ही दिशांना पट्टी तेवढीच भरली. इथवर सगळं छान.

प्रिंट मात्र स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे काढली, घरच्या प्रिंटरची शाई संपली होती म्हणून. घरी येऊन कागद इंजिनावर धरला तर चारही भोकं आत सरकलेली. तासभर मी स्कॅनरला दोष दिला. मग सुचलं म्हणून चित्रातल्या पट्टीवर व्हर्निअर, म्हणजे जबड्यांची बारीक मोजपट्टी, लावला: १०० मिलिमीटरची रेघ ९७ भरली. दुकानातल्या पोराने ‘फिट टू पेज’ ठेवलं होतं. त्याच्या दृष्टीने कडेचं काही कापलं जाऊ नये म्हणून त्याने चांगलंच केलं होतं. दुसऱ्या दिवशी ‘ॲक्चुअल साइज’ सांगून पुन्हा काढली. तेव्हापासून मी कुठल्याही टेम्प्लेटच्या, म्हणजे मापाच्या नमुन्याच्या, कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक उभी आणि एक आडवी रेघ काढतो. प्रिंटर दोन्ही दिशांना सारखंच खोटं बोलेल असं नाही.

त्यात जुलै. तीच रेघ आठवड्याने १००.३ भरली. कागद दमट हवेत फुगतो, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तर भिंतीही फुगतात. तीस मिलिमीटरच्या झाकणात याने फारसं बिघडत नाही, पण वर तो कागद फेव्हिकॉलने पत्र्यावर चिकटवलात की ओला होऊन आणखी ताणतो. मुलीची ग्लू स्टिक पळवली, ती बरी.

बाह्यरेषा मिळाली, भोकं राहिली. भोकांसाठी मी जे केलं त्याचा मला अजून अभिमान आहे, जरी त्याचा उपयोग अर्धाच झाला. बँकेत अंगठा घेतात तो निळ्या शाईचा पॅड आणला, क्रँककेसचं मागचं तोंड त्यावर दाबलं आणि कोऱ्या कागदावर उमटवलं. इंजिनाचा अंगठाच घेतला म्हणा ना. मधे मोठं पांढरं वर्तुळ, भोवती निळा चौकोन, कोपऱ्यांत चार पांढरे ठिपके. बायको म्हणाली, “आता सात-बारा पण काढ त्याच्या नावाने.”

अंगठ्यावरून आकार कळला, माप नाही. शाईची कड दोन-तीन शतांश नव्हे, चांगली दोन दशांश पसरते. म्हणून व्हर्निअर. भोकांच्या केंद्रांमधलं अंतर थेट मोजता येत नाही, केंद्र हवेत असतं. भोकात काहीतरी घट्ट बसवून त्याच्या बाहेरून मोजायचं आणि त्याची जाडी वजा करायची. इथे भोकांना एम-थ्रीचे, म्हणजे तीन मिलिमीटरच्या स्क्रूचे, आटे होते. एम-थ्रीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायला अडीचचं ड्रिल मारतात, त्यामुळे आट्यांच्या आत अडीचच्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा बेताने बसतो. दोन भोकांत दोन दांडे, बाहेरून बाहेर २६.५०, त्यातून २.५० वजा, उत्तर २४.००. वरची बाजू मोजली. डावी बाजू मोजली. दोन्ही २४.००. चौकोन आहे म्हणून मी वही मिटली.

हीच ती जागा जिथे मी पुढच्या दोन आठवड्यांची माती केली. चौकोन आहे हे मी मोजलं नव्हतं, धरून चाललो होतो.

तेवढ्यावर मी एक मिलिमीटर पत्र्याचं पहिलं टेम्प्लेट केलं. चोवीसचा नेमका चौकोन, ३.२ ची चार भोकं. एम-थ्रीच्या स्क्रूला ३.२ चं भोक म्हणजे चहूबाजूंनी ०.१ ची मोकळीक. इंजिनावर धरलं, तीन स्क्रू शहाण्यासारखे गेले, खालचा उजवा जाईना. त्याला आधी बसवलं तर खालचा डावा जाईना. माझ्या मुलीची नववीची भूमिती चालू होती. ती टेबलाशी बसून बघत होती, म्हणाली, “कर्ण मोजलेस का?”

मोजले. एक ३३.९४, दुसरा ३४.१२.

सुतार दाराची चौकट बसवताना दोन कर्णांना दोरी लावून बघतो, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. आपलं काम आल्यावर मात्र आठवलं नाही. आता उरलेल्या दोन बाजू मोजल्या. खालची २४.२५. उजवी मात्र पुन्हा २४.००. गंमत अशी की भोक आडवं सरकलं असेल तर उभ्या बाजूच्या मापात ते जवळपास दिसतच नाही. चारपैकी तीन बाजू ‘सगळं ठीक’ सांगत होत्या, एकच खरं बोलत होती आणि मी नेमकी तिलाच विचारलं नव्हतं. कारखान्यात त्या दिवशी ड्रिल सरकलं असेल, ड्रिलला जागेवर धरणारी जिग झिजली असेल. झाकणालाही तसंच भोक पडलं असेल आणि जोडी जमून गेली असेल. ती जोडी आता तुटली होती.

शनिवारी हे सगळं मामांना सांगायला गेलो. त्यांचा गाळा रोड नंबर १६ च्या आतल्या बाजूला आहे. एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली ती याच वागळे इस्टेटमधून. आता त्या रस्त्यांवर काचेच्या इमारती जास्त आणि लेथचा आवाज कमी. मामांच्या ओळीतल्या एका गाळ्यात केक बनवतात. वंगणाच्या वासात व्हॅनिलाचा वास मिसळलेला असतो.

मामा म्हणाले, “आकडे घेऊन काय करता? इंजिनालाच विचारा ना.”

म्हणजे असं. एम-थ्रीचे चार ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू, घ्यायचे, ते एकेक करून ड्रिलच्या चकमध्ये पकडून कानशीवर फिरवायचे आणि टोक काढायचं. टोक वर करून ते चार भोकांत फिरवायचे, नखाएवढी टोकं बाहेर. वर पत्रा ठेवून हलका ठोका. चार टोकं चार खुणा पाडतात, खरोखरच्या केंद्रांवर. मोजणं नाही, वजाबाकी नाही, डोळा नाही. टोकं एकाच उंचीला हवीत, एवढं मात्र पाहायचं. मी घरी पहिल्यांदा केलं तेव्हा एक टोक वर राहिलं, पत्रा त्याच्यावर डुलला आणि खूण ओढली गेली. दुसऱ्या वेळी स्टीलची पट्टी चारही टोकांवर आडवी धरून पाहिली, मग ठोकलं.

पण ठोकताना पत्रा इकडेतिकडे सरकला तर चारही खुणा एकदम सरकणार. आपसात बरोबर, मधल्या गोल तोंडाच्या मानाने चूक. म्हणून पत्र्याला मधे आधार हवा, आणि आधार द्यायचा तर त्या तोंडाचा व्यास नेमका माहीत हवा.

व्हर्निअरच्या आतल्या जबड्यांनी तो व्यास मी तीनदा मोजला, तीन उत्तरं आली. मामांनी पितळी रॉडचा एक पायऱ्यांचा प्लग, म्हणजे भोकात घालून माप बघायचा दांडा, करून दिला: २६.८५, २६.९०, २६.९५, २७.०० अशा चार पायऱ्या. जी जाते आणि जी जात नाही, त्यांच्या मधे उत्तर. घरी आणून घातला तर पहिलीच पायरी अडकली. म्हणजे तोंड २६.८५ पेक्षाही लहान? मला खटकलं, कारण एका बाजूला ती जात होती, दुसरीकडे चिकटत होती. बोटाने चाचपलं तर लक्षात आलं, मी धातू मोजतच नव्हतो. जळक्या एरंडेलाचं वार्निश मोजत होतो.

ते वार्निश थिनरला दाद देत नाही. जुने मॉडेलवाले गाडीच्या रेडिएटरचं कूलंट वापरतात. इंजिन सुटं करून कूलंटमध्ये बुडवायचं आणि मंद आचेवर काही तास तापत ठेवायचं, उकळू द्यायचं नाही. हे बाल्कनीत, हवेशीर, आणि त्या भांड्यात पुन्हा कधीही चहासुद्धा करायचा नाही. कूलंटमधलं इथिलिन ग्लायकॉल विषारी असतं, वर चवीला गोड, त्यामुळे आमच्या मजल्यावरची मांजर चाटेल म्हणून मी चार तास खुर्ची टाकून राखण करत बसलो. संध्याकाळी टूथब्रशने घासलं आणि ॲल्युमिनियम दिसलं. प्लग घातला: २६.९५ सुळकन आत, २७.०० बाहेर.

पुढचा भाग सुरळीत झाला. मशीद बंदरला उतरून नागदेवीतून दोन मिलिमीटर पितळी पत्र्याचा तुकडा आणला. मामांनी त्याला मधे बेताचं भोक केलं आणि २६.९५ चा एक सरळ लांब प्लग दिला. प्लग क्रँककेसमध्ये, त्यावर पितळी पत्रा ओवलेला, खाली चार टोकदार ग्रब स्क्रू. एक ठोका. खुणांवर सेंटर पंच, आधी दीडचं ड्रिल, मग ३.२. इंजिनावर धरलं, चारही स्क्रू बोटाने फिरवून गेले. पितळेचं ते टेम्प्लेट मी रात्री उशाशी ठेवून झोपलो असं घरात सांगतात. ते खोटं आहे, टेबलावर होतं.

मामांनी एचई-३० ॲल्युमिनियमच्या पंचेचाळीस मिलिमीटरच्या राउंड बारमधून चकती कापली, तिला २६.९२ ची कॉलर काढली, लांबी ७.२०. ही लांबी मी दिलेली. तोंडापासून क्रँकपिनच्या टोकापर्यंत व्हर्निअरच्या मागच्या काडीने ७.६० भरलं होतं, त्यातून ०.४० मोकळीक सोडली. स्कॅनची बाह्यरेषा चिकटवून मी करवतीने आणि कानशीने चौकोन काढला. दोन संध्याकाळी गेल्या, अंगठ्याला फोड आला. मग ड्रिलिंग. झाकण कॉलर वर करून टेबलावर ठेवलं, पितळी टेम्प्लेट कॉलरमध्ये ओवलं, क्लॅम्प लावला, चार भोकं मारली. मामा दुसऱ्या जॉबवर होते. मी फुंकर मारून धातूचा कीस उडवला आणि झाकण इंजिनावर बसवलं.

दोन स्क्रू गेले. खालचे दोन अडले.

झाकण फिरवून चारही बाजूंनी लावून पाहिलं. कुठल्याच बाजूने बसेना, एका बाजूला तर आधीपेक्षा वाईट. टेम्प्लेट पुन्हा इंजिनावर धरलं, चारही स्क्रू गेले. टेम्प्लेट बरोबर, झाकण चूक, आणि झाकणाची भोकं त्याच टेम्प्लेटमधून मारलेली. मला खरंच घाम फुटला. मामा आले, एका हातात टेम्प्लेट, दुसऱ्यात झाकण धरून त्यांनी पाहिलं आणि टेम्प्लेट पालथं करून झाकणावर ठेवलं.

“वर कुठली बाजू ते लिहिलंय का?”

लिहिलं नव्हतं. टेम्प्लेटची जी बाजू इंजिनाला टेकली होती, तीच मी झाकणाला टेकवली. पण इंजिन आणि झाकण समोरासमोर असतात, टेम्प्लेट त्यांच्या मधे. इंजिनाकडची बाजू झाकणापासून लांब राहायला हवी, म्हणजे ड्रिलकडे, वर. मी आरशातलं झाकण बनवलं होतं. चौकोन नेमका असता तर काही बिघडलं नसतं, कुणाला कळलंही नसतं. पाव मिलिमीटर सरकलेल्या एका भोकाने ते उघडं पाडलं. शाईच्या अंगठ्यातही हेच होतं, शिक्क्यासारखं उलटं, आणि स्कॅन मात्र सुलटा. दोन्ही कागद मी शेजारी शेजारी भिंतीवर लावले होते आणि मला एकदाही खटकलं नव्हतं.

मी नवीन चकतीचं विचारणार, तेवढ्यात मामांनी मशिनला ३.६ चं ड्रिल लावलं, झाकण पकडलं आणि चारही भोकं एकामागून एक मोठी केली. मी “अहो अहो” म्हणेपर्यंत झालं होतं. झाकण इंजिनावर ठेवलं, चार स्क्रू आत.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. दोन आठवडे मी शतांशांच्या मागे होतो आणि या माणसाने तीन मिनिटांत भोकं ढिली करून प्रश्न संपवला. मामा शांतपणे म्हणाले, “साहेब, झाकण जागेवर कोण धरतं? कॉलर. स्क्रू नुसते दाबतात. त्यांना एवढी घट्ट भोकं कशाला? स्क्रूचं डोकं साडेपाचचं आहे, ३.६ वर आरामात बसतं.” मग इंजिन माझ्या हातात देऊन म्हणाले, “आता फिरवा.”

शाफ्ट फिरवला. प्रत्येक फेरीत एका ठिकाणी, टक्.

“मोजायचं होतं ते हे,” ते म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

कॉलरच्या तोंडाला मार्करची काळी शाई लावून फिरवलं. उघडून पाहिलं तर चंद्रकोरीसारखा चकचकीत ओरखडा. पिन नव्हे, रॉड लागत होता. मी खोली मोजली तेव्हा इंजिन तोंड वर करून उभं होतं, रॉड वजनाने पुढे सरकलेला. आडवं धरलं की तो पिनवरून मागे येतो आणि पिनच्या टोकाबाहेर डोकावतो, किती ते मला दिसणं शक्य नव्हतं. बंद डब्याच्या आतलं अंतर कसं मोजायचं? याचं उत्तर मात्र माझं होतं, मामांचं नाही. जोडातून हवा गळू नये म्हणून घालतात तो गॅस्केटचा कागद पाव मिलिमीटरचा. त्याचे तीन थर, म्हणजे ०.७५, मध्ये घालून झाकण थोडं मागे ठेवायचं, कॉलरच्या तोंडावर मऊ काहीतरी चिकटवायचं, रॉड मागे ओढून एक फेरी फिरवायची आणि जे दबून उरेल त्याची जाडी घ्यायची. केकवाल्या गाळ्यातून लिंबाएवढा मैद्याचा गोळा मागून आणला. कशाला हवा ते सांगितल्यावर ती बाई आमच्याकडे बघायलाच आली. तेलाचं बोट लावून बसवला, फिरवला, उघडला, ब्लेडने मधोमध कापला. सर्वांत पातळ ठिकाणी ०.६५. म्हणजे कागद काढला तर एक दशांश मिलिमीटर धातूला धातू भिडतोय.

मामांनी कॉलरच्या तोंडावरून पाव मिलिमीटरचा कट घेतला. एक गॅस्केट धरून आता ०.४० मोकळं. पुन्हा गोळा, पुन्हा ब्लेड, ०.४० च्या आसपासच. शाफ्ट फिरवला, आवाज नाही. मामांनी झाकणाकडे न बघता विचारलं, “एक्झॉस्टची प्लेट पण करायची ना? तिला कॉलर नाही. तिथे तुमचं पितळ कामाला येईल.” ती पुढच्या शनिवारी केली, टोकदार स्क्रूंनीच, पहिल्या फटक्यात, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पितळी टेम्प्लेटवर मी आता पंचने ‘वर’ आणि ‘इंजिन इकडे’ असं ठोकून घेतलंय. अक्षरं वाकडी आली आहेत.

इंजिन गाळ्याच्या मागच्या बोळात चालवलं, सोसायटीत चालवण्याची सोय नाही. लाकडी फळीवर चार बोल्टने बांधलं, ती फळी व्हाइसमध्ये. दहा बाय सहा इंचांचा पंखा, इंधन ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग एरंडेल, ग्लो प्लगला दीड व्होल्ट. पंख्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही हे मी इतक्यांदा सांगितलं की मामा रस्त्यापलीकडे जाऊन थांबले. सातव्या-आठव्या झटक्याला पकडलं. तो आवाज आणि मागोमाग एरंडेलाचा धूर, केकवाल्या बाईंनी शटर अर्धं खाली ओढलं. चाळीस सेकंद चालून इंधन संपलं. मित्राला व्हिडिओ पाठवला, त्याने फक्त वडिलांचा एक जुना फोटो परत पाठवला.

पुसताना दिसलं की झाकणाच्या खालच्या उजव्या स्क्रूपाशी बुडबुडे येताहेत. उघडलं. गॅस्केट तिथेच फाटलेलं होतं. कापलं होतं मी पितळी टेम्प्लेटवरूनच, बरोबर. बसवताना उलटं घातलं आणि स्क्रूने कागद ओढला.

गॅस्केटवर ‘वर’ लिहायचं राहिलं होतं. मामांनी खिशातलं पेन काढून दिलं.